सातासमुद्रापलीकडील दिवाळी
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी असलेल्या मुलाकडे दिवाळीस जाऊन आल्यावर मला जे वाटले ते आपल्यापुढे मांडावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे. परंतु आज आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत. तेव्हा एका बापाचे चार शब्द म्हणून आपण ते गोड मानून घ्याल, असा मला भरवसा आहे.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी म्हणजे केवळ दिव्यांचा सण नव्हे. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान शेतात पिवळा पडू लागतो, आणि गावोगाव मंडई भरते. दिवसा पाहुण्यांची रीघ, रात्री दंडार किंवा नाटक. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. यातील एक शहाणपण नित्याचे म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. एका गावची मंडई आज, तर शेजारच्या गावची उद्या. कोणी कोणाला मुकू नये, याची सोय त्यातच होऊन जाते.

२०२४ साली हे सारे मागे ठेवून आम्ही उभयता न्यूयॉर्कला गेलो. निघताना घरच्या मंडळींनी नव्या धानाचे पाच किलो तांदूळ बांधले होते. सुनेने फोनवरून कळविले की, भारतातील तांदूळ प्रवाशाला अमेरिकेत नेता येत नाही. साठवणीच्या धान्याचा नाश करणारा खापरा भुंगा तेथे शिरू नये, म्हणून ही बंदी आहे. धानाच्या जिल्ह्यातील माणसे अशी रिकाम्या हातांनी निघाली!

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुटी त्याच वर्षी प्रथम मिळाली होती. आठ वर्षांचा नातू दिवसभर आमच्याजवळ होता. धुराची घंटा वाजू नये म्हणून पणत्या मोजक्याच लावल्या. पण त्यांतील प्रत्येक पणती त्याने स्वतः लावली. त्या सायंकाळी, येथे आलो हे सार्थक झाले, असे वाटले.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यत्वे उभा आहे, ती सांगतो. माझी थोरली बहीण आमगावी असते. वय अठ्ठ्याहत्तर. भाऊबीजेला तिच्या घरी गेलो नाही, असे पूर्वी कधी घडले नव्हते. तेव्हा फोनवर चेहरा पाहून ओवाळावे, असे ठरले. मी हिशेब सांगितला, “ताई, माझे सकाळचे नऊ म्हणजे तुझे सायंकाळचे साडेसहा.” शनिवारपर्यंत हा हिशेब बरोबर होता. परंतु रविवारी, ३ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्याच पहाटे, अमेरिकेतील घड्याळे दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे एक तास मागे घेण्यात आली. मला त्याचा पत्ता नाही! मी नऊच्या ठोक्याला फोन लावला, तेव्हा आमगावी साडेसात वाजले होते. ताई तासभर ताट घेऊन बसलेली. तुमची झोपमोड होईल म्हणून तिने स्वतः फोनही केला नव्हता. मी क्षमा मागू लागलो, तर म्हणाली, “काही नाही रे, निरांजनात दोनदा तूप घातलं. वात विझू नाही दिली.”

बंधुभगिनींनो, त्या तासाने मला जे शिकविले ते विमानप्रवासानेही शिकविले नाही. आपण सणाला मुलांकडे जातो तेव्हा येथेही कोणीतरी ताट घेऊन बसलेले असते. म्हणून जाऊ नये काय? अवश्य जावे. नातवाने लावलेली पणती पाहण्याचे सुख मी कोणालाही नाकारणार नाही. परंतु मंडईचे शहाणपण येथेही चालवावे. एक दिवाळी मुलांकडे, तर दुसरी येथे. आणि त्या दुसऱ्या दिवाळीस मुलांनी नातवंडांना घेऊन गावी यावे. नातवाने दंडार एकदा तरी डोळ्यांनी पाहावी. निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरी त्या दिवशी कोण जाईल, हे नक्की करावे. आणि फोनची वेळ दोन्हीकडच्या घड्याळांनी, त्याच दिवशी पुन्हा पडताळावी.

परत आल्यावर मी प्रथम आमगावी गेलो. तिथी केव्हाच टळली होती. ताईने पाट मांडला, निरांजन लावले आणि ओवाळले. तिच्या लेखी भाऊबीज त्या दिवशी झाली.