हल्ली वस्ती भिलाई

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात स्मृति नगर, भिलाई येथे दिलेले व्याख्यान)



 कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘वंशावळ’ असे सांगितले. त्यांना तो थोडा रुक्ष वाटला असावा. वंशावळ म्हटली की जुनाट कागद, कोर्टकचेरी आणि भाऊबंदकी, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत तसेच वाटत होते. ते मत कसे पालटले, येथूनच आरंभ करतो.

माझे वडील १९५८ साली वऱ्हाडातून भिलाईला आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या समारंभाच्या गर्दीत वडील उभे होते, ही गोष्ट त्यांनी आम्हांस शंभर वेळा तरी सांगितली असेल. गावाची गोष्ट मात्र त्यांनी फारशी सांगितली नाही आणि आम्हीही ती विचारली नाही.

वडील गेल्यानंतर मी अस्थी घेऊन त्र्यंबकेश्वरी गेलो. आमच्या तीर्थोपाध्यायांनी बैठकीवर बसवून घेतले आणि विचारले, “आडनाव?” ते मी सांगितले. “गाव?” मी म्हणालो, “भिलाई.” त्यांनी मान हलवली. “ती नोकरीची जागा झाली. मूळ गाव कोणते?” बंधु-भगिनींनो, तेव्हा माझे वय साठीच्या घरात होते आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. अमरावती जिल्हा, एवढेच ठाऊक. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने लावलेल्या असतात. गाव ठाऊक नसेल तर ती वही असून नसल्यासारखी.

शेवटी अंगणातूनच आत्याला दूरध्वनी केला. ती नव्वदीला टेकलेली. तिने क्षणाचाही विलंब न लावता वरूडजवळच्या एका खेड्याचे नाव सांगितले आणि वर म्हणाली, “अरे, तुझ्या बापानं हे तुला सांगितलं नाही होय?” वही निघाली. तिच्यात आजोबांची मोडी सही होती. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांची नावे होती. आणि सर्वांत जुन्या नोंदीशी लिहिले होते: मूळ वस्ती खानदेश, हल्ली वस्ती वऱ्हाड. ज्याला मी आमचे मूळ गाव समजलो, तेही कोणा पूर्वजाचे ‘हल्ली’चे गाव होते! उपाध्यायांनी नवी नोंद केली, मला खाली सही करायला सांगितले आणि माझ्या नावापुढे लिहिले: हल्ली वस्ती भिलाई.

त्या तीन शब्दांचा मी पुढे बराच विचार केला. आज जे सांगावयाचे आहे ते त्यातूनच आलेले आहे.

आपल्याकडे वंशावळी का टिकल्या? पूर्वजभक्ती हे एक कारण खरे, पण त्याहून बळकट कारण वतन हे होते. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुळकर्ण ही वतने पिढीजात. त्यांच्या वाटणीचा तंटा उपस्थित झाला की गोतसभेपुढे मूळपुरुषापासूनची शाखावार माहिती मांडावी लागे आणि निवाड्याचा महजर होई. इंग्रजी अमलात इनाम कमिशन बसले, तेव्हा इनामदारांना आपला हक्क कागदांनी शाबीत करावा लागला. वऱ्हाड-नागपूरकडे ज्याला आपण कुर्सीनामा म्हणतो, तो अशा गरजेतूनच तयार होई. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून कागद धुंडाळीत हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला. ते कागद त्यांच्या हाती लागले, कारण कोणाच्या तरी हक्काचे गाठोडे म्हणून ते माळ्यावर जपून ठेवलेले होते.

आता आपली स्थिती पाहा. वतने कायद्याने गेली. कारखान्याची नोकरी वारसाहक्काने येत नाही. सेक्टरमधील ज्या क्वार्टरात आपण वाढलो, ते निवृत्तीनंतर सोडावे लागते. पुढचा रहिवासी येतो, भिंतींना नवा रंग देतो आणि आईने लावलेल्या कढीलिंबाखाली स्वतःची खाट टाकतो. त्यात त्याचा काही दोष नाही. परंतु आपण कोण, कोठून आलो, हे लिहून ठेवण्याची सक्ती आता आपल्यावर कोणीही करीत नाही. जी गोष्ट पूर्वी लोभाने टिकली, ती आता केवळ कर्तव्यबुद्धीने टिकवावी लागेल.

दूर गेलेल्या माणसांना या गोष्टीची जाणीव घरी राहिलेल्यांपेक्षा अधिक असते, असे इतिहास सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापिले. सव्वाशे वर्षांनंतर, १८०३ साली, त्यांचे वंशज सरफोजीराजे यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत दगडावर कोरून घेतला. सभोवार तमिळ देश, सत्ता कंपनी सरकारच्या हाती गेलेली, आणि राजा आपली वंशकथा चोळांच्या मंदिरात आपल्या भाषेत लिहवून ठेवतो! १८५५ साली ते राज्यही संपले, तो लेख मात्र आजही तेथे उभा आहे.

ही झाली राजाची गोष्ट. सामान्य माणसांकडे शिलालेखाचे सामर्थ्य नसते. अशा सामान्यांची एक हकीकत सातासमुद्रापलीकडची आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आज ज्याला नोव्हा स्कॉशिया म्हणतात त्या भागात, अकाडियन नावाचे फ्रेंचभाषी शेतकरी राहत असत. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना हुसकून लावण्यास प्रारंभ केला. घरे जाळली, माणसे जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. त्यांतील काही कुटुंबे १७६५ च्या सुमारास जोसेफ ब्रुसार या पुढाऱ्यामागून लुइझियानात आली आणि संथ पाण्याच्या दलदली नाल्यांच्या काठी वसली. त्या नाल्यांना तिकडे ‘बायू’ म्हणतात. या लोकांचे वंशज म्हणजे आजचे केजन. ग्राँ प्रे या त्यांच्या गावच्या देवळात जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या होत्या. त्यांतील काही वह्या या निर्वासितांनी लुइझियानापर्यंत जपून नेल्या आणि त्या आजही बॅटन रूज येथे धर्मप्रांताच्या दप्तरात सुरक्षित आहेत. शेत गेले, गुरे गेली, देऊळ गेले. नावांची वही मात्र हातातून सुटली नाही. आपण हुसकलेले लोक नाही, पोटासाठी स्वेच्छेने आलेले आहोत, हा भेद मोठा आहे. परंतु त्या वहीपुढे मान लवविण्यास तो भेद आड येऊ नये.

आणि योगायोग पाहा. ते लोक बायूकाठी पोहोचले, तेव्हा याच छत्तीसगडात मराठी माणसे येऊन नुकतीच स्थिरावत होती. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूर जिंकले. १७५८ साली रघूजींचे पुत्र बिंबाजी तेथे राहावयास आले आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी येथील कारभार पाहिला. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. दसऱ्याला सोने वाटण्याची रीत या प्रदेशात त्यांनी आणली, असे येथील इतिहासकार सांगतात. त्यांच्यामागून महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर असे सुभेदार आले. त्यांच्याबरोबर कारकून आले, शिलेदार आले, पुजारी आले. त्या मंडळींची घरे रतनपूर, बिलासपूर, रायपूर येथे मिसळून गेली. त्यांतील काही घरांत आज आडनाव आणि देवघरातील टाक, एवढेच मराठीपण उरले आहे.

हे मिसळणे मी वाईट मानीत नाही. मराठी कुळातील माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्या उपक्रमात त्यांच्या पाठीशी होते. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. येथल्या भूमीचे झाल्यामुळेच त्यांच्या हातून ते घडले. नातवंडे छत्तीसगढी बोलोत, जावई तेलुगू असो वा सून बंगाली. कूळ त्याने खंडित होत नाही. कूळ खंडित होते ते विस्मरणाने.

आता हे लिहावयाचे कसे? एक गोष्ट आपल्याला अनुकूल आहे. मराठी माणसाचे पूर्ण नाव हीच एक लहानशी वंशावळ असते: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, कुळाचे नाव. पुष्कळदा आडनावाच्या शेवटच्या ‘कर’मध्ये गावही दडलेले असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे मात्र घोटाळा होतो. एकाच नावाचे दोन-तीन पुरुष एकाआड एक येतात आणि एकाचे पराक्रम दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. म्हणून नावाबरोबर व्यवसाय, गाव आणि ठाऊक असेल तर साल लिहावे. ऐकीव असेल ते ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावे. घरात मोडी कागद असतील, तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारी माणसे आजही मिळतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्र्यंबकच्या त्या वहीत आमच्या घरातील पुरुषांची नावे होती. पणजीचे नाव नव्हते. ज्या आत्याच्या स्मरणशक्तीमुळे ती वही उघडली, तिचेही नाव तीत नव्हते. ती दुसऱ्या कुळात गेलेली! लग्नात मुलीचे आडनाव बदलते, कित्येक घरांत नावही बदलते, आणि एक अख्खी व्यक्ती कागदावरून नाहीशी होते. भिलाईत संसार कोणी उभे केले, हे आपण जाणतो. ओळखीचे माणूस नाही, बाजारात ज्वारी मिळेल याची शाश्वती नाही, धनी तिसऱ्या पाळीला गेलेले, अशा स्थितीत नव्या मुलखात मुलांना मराठीतून रागावणारी ती माउली वंशावळीत नसेल, तर ती वंशावळ अर्धीच होय. म्हणून माहेरच्या नावासह प्रत्येक स्त्रीची नोंद करावी, लेकींच्या शाखाही लिहाव्यात.

माझी आत्या त्यानंतर आठ महिन्यांनी गेली. मधल्या काळात मी दोनदा तिच्याकडे जाऊन आलो आणि ती सांगेल ते उतरवून घेतले. चाळीस पाने झाली. विचारावयाचे राहिले ते यापेक्षा पुष्कळ आहे. कारखान्याच्या आरंभकाळी आलेली आपली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकवे केली. एकावन्नाव्या वर्षी एक वही करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने तीत एक पान लिहावे. मूळ वस्ती कोणती, भिलाईत प्रथम कोण आले, कोणत्या साली, कोणत्या विभागात कामाला लागले, कोणाच्या ओळखीने आले, बरोबर कोण होते. शेवटी ज्यांची मुले पुणे-बंगळूरला किंवा त्याहूनही दूर गेली, त्यांची ‘हल्ली वस्ती’ लिहावी.

कारण आणखी शंभर वर्षांनी कोणा अनोळखी गावी कोणी तरी आपल्या पणतूला विचारील, “मूळ गाव कोणते?” त्या दिवशी त्याचे उत्तर वऱ्हाड किंवा कोकण असणार नाही. ते भिलाई असेल. ज्या घरात पहिली पिढी डबा घेऊन सायकलवरून फाटकातून आत गेली, त्या घराची ती मूळपुरुषाची पिढी आहे. आपल्या वसाहतीचे नावच स्मृति नगर आहे. त्या नावाला जागावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.