बोरीच्या कवीस मिळालेला अभिप्राय



दीक्षान्तप्रसंगी वक्त्याने पदवीधरांस उपदेश करावा असा शिरस्ता आहे. परंतु दुसऱ्याचे सांगणे कितपत ऐकावे हाच आज माझ्या भाषणाचा विषय असल्यामुळे माझी स्थिती काहीशी चमत्कारिक झाली आहे. आपणांपैकी कोणी कविता लिहीत असेल, कोणी भजनात मृदंग वाजवीत असेल, कोणी चित्रे काढीत असेल; आणि ज्याने ज्याने असे काही चार लोकांपुढे मांडले आहे त्याच्या हे ध्यानात आलेच असेल की, कृती पुरी होण्याचा काय तो अवकाश, अभिप्राय देणारांची रीघ लागते. त्यांचे ऐकावे की ऐकू नये?

उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात झरीहून जिंतूरच्या वाटेस लागले म्हणजे बोरी येते, आणि त्या बोरीचे नाव ज्याच्या नावास कायमचे जोडले गेले तो भास्करभट्ट बोरीकर चौदाव्या शतकाच्या आरंभी नेमक्या याच पेचात सापडला होता. संस्कृतात मुरलेला हा पंडित महानुभाव पंथात येऊन नागदेवाचार्यांचा शिष्य झाला, आणि त्याने ‘शिशुपालवध’ हे १०८७ ओव्यांचे काव्य रचले. नाव ऐकून वाटावे की, युधिष्ठिराचा राजसूय यज्ञ, शिशुपालाची शिवीगाळ आणि अखेरीस सुदर्शनचक्र, एवढाच सारा मामला असेल. प्रत्यक्षात कवीचे चित्त रमले आहे ते श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या प्रणयात, त्यांच्या रुसव्याफुगव्यांत आणि वसंताच्या वर्णनांत. ज्याच्या नावाने ग्रंथ दाखल झाला तो बिचारा शिशुपाल आपल्या वधाची वाट पाहत बाजूस तिष्ठत राहतो.

हा ग्रंथ कवीने आपल्या गुरुबंधूस दाखविला. परंपरेने जपलेल्या हकिकतीप्रमाणे गुरुबंधूंच्या सांगण्याचा आशय असा होता की, ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो संसारात रमणाऱ्या शृंगारप्रिय माणसाजोगा आहे. निवृत्तीच्या मार्गाने निघालेल्यास त्याचा उपयोग नाही. या अभिप्रायाची घडण न्याहाळण्यासारखी आहे. त्यात कवीच्या कसबाविषयी तक्रार नाही, उलट त्याची शाबासकी आहे. अमुक ओवी गाळा, तमुक प्रसंग वाढवा, असली सूचना नाही. आणि ‘ग्रंथ वाईट’ असे न म्हणता तो कोणाच्या कामाचा आणि कोणाच्या कामाचा नाही, एवढेच त्या जाणत्या वाचकाने सांगितले. वाचकापाशी सांगण्यासारखे खरोखर इतकेच असते. वाचताना आपणांस काय झाले याची त्याची साक्ष विश्वसनीय असते; त्यावर कवीने कोणता इलाज करावा हे मात्र त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे.

भास्करभट्टापुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही फार रहदारीच्या आहेत. ‘याला काव्य काय कळते’ असे म्हणून रुसून बसावे, ही एक. पोथी बांधून नदीत सोडून द्यावी, ही दुसरी. त्याने तिसरेच केले. भागवताच्या एकादश स्कंधाचा आधार घेऊन, म्हणजे एकनाथांच्या भागवताआधी सुमारे अडीच शतके, त्याने ‘उद्धवगीता’ हा ८२७ ओव्यांचा निवृत्तिपर ग्रंथ रचला. आक्षेपास नवा ग्रंथ लिहून उत्तर दिले, परंतु आधीचा ग्रंथ रद्द केला नाही. आणि पंथानेही, ज्याने त्या काव्याच्या शृंगाराकडे बोट दाखविले होते त्याच पंथाने, हे दोन्ही ग्रंथ आपल्या मान्यवर ‘साती ग्रंथां’त शेजारी शेजारी बसविले. पुढे हाच कवी पंथाचा आचार्य झाला. काव्य म्हणून मला स्वतःला ‘शिशुपालवध’च अधिक प्रिय आहे, तेव्हा गुरुबंधूंच्या अभिप्रायाने मराठीचा तोटा झाला असे म्हणण्याचा मोह मला होऊ शकला असता. पण तोटा झाला कोठे? एकाच्या जागी दोन ग्रंथ आले.

कवीने इतक्या सहजपणे ऐकले याचे कारण मात्र नुसते नम्रतेत शोधू नये. त्याच पंथातील, त्याच पिढीच्या आसपासचा दुसरा कवी नरेंद्र याची आख्यायिका भास्करभट्टाच्या हकिकतीशेजारी ठेवून पाहा. त्याचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकून देवगिरीचा रामदेवराय यादव इतका प्रसन्न झाला की, हे काव्य माझ्या नावावर कर, मोबदल्यात सोने देतो, असे त्याने सांगितले. राजाच्या रसिकतेत उणे काही नव्हते. स्तुती तर गुरुबंधूंच्या शाबासकीहून कितीतरी भारी होती. पण नरेंद्राने नकार दिला, आणि पोथी हातची गेली तरी जेवढ्या ओव्या स्मरणात राहिल्या तेवढ्या घेऊन तो पंथाच्या आश्रयास आला. ते काव्य आज अपूर्ण मिळते. एकाने निंदेचा अंश असलेला अभिप्राय मानला आणि दुसऱ्याने निर्भेळ स्तुती झिडकारली, आणि माझ्या मते दोघेही बरोबर होते. कारण गुरुबंधूंस त्या काव्यापासून स्वतःसाठी काहीच नको होते, आणि राजास सर्वच हवे होते. अभिप्राय कडू की गोड हे पाहण्याआधी तो देणाराचे त्यात काय अडकले आहे हे पाहावे. स्तुतीच्या बाबतीत तर हे दुप्पट पाहावे, कारण निंदेपुढे आपण आपोआप सावध होतो.

अभिप्राय आणि फर्मान यांतही असाच फरक आहे. १९४७ साली ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यावर मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा कवीपुढे उभे होते ते मत नव्हते, समन्स होते. तेथे ऐकण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे वकील द्यावा लागतो. मर्ढेकर निर्दोष सुटले.

आणि ज्यास कोणीच काही सांगत नाही त्याचे काय? आपल्याच जिल्ह्यातील सातोन्यास १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ निजामाच्या राजवटीत परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी करीत मराठी लिहीत राहिले. दफ्तराची भाषा उर्दू, शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी वाचणारा वर्ग विरळ. अशा मुलखात त्यांनी कविता, कथा आणि ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी लिहिली, आणि १९५३ साली चाळिशीतच त्यांचे निधन झाले. आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. सभागृह बांधणे हे काम नगरपालिकेस जमते. पुस्तक वाचून होताच लिहिणाऱ्याशी चार शब्द बोलणे हे मात्र शेजाऱ्यालाच करावे लागते, आणि ते वेळेवर करावे लागते.

म्हणून आपणांपैकी जे लिहिणार नाहीत, आणि बहुसंख्य लिहिणार नाहीत, त्यांच्याकडे माझा एक अर्ज आहे. आपल्या गावात कोणी लिहीत असेल, गात असेल, तर त्यास ‘छान’ म्हणून वाटेस लावू नका. कोणत्या पानावर आपण रेंगाळलात, कोठे जांभई आली, कोणता प्रसंग रात्री पुन्हा आठवला, ते बिनदिक्कत सांगा. त्याचे तो काय करायचे ते करील.