पाण्याचा दाब आणि पोलादी गोळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास या विषयांच्या पंगतीला पाण्याच्या व्हॉल्व्हने येऊन बसावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या नगरीने आपल्याला आसरा दिला, तिचा पाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे नवल ओसरते.

पुणे मुठेच्या काठी वसले, नाशिक गोदेच्या. बंगळूर मात्र कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर ते वसले आणि शतकानुशतके तळ्यांवर जगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या चामराजसागराची जोड मिळाली. तेही अपुरे पडले तेव्हा, १९७४ मध्ये, कावेरी शहरात आणली गेली. ती आपण होऊन आली नाही. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांत, सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंच, पंपांनी ती चढवावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याची क्षमता दिवसाला साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलावयाचे म्हणजे, पंप आणि नळ्यांतील घट मुळीच न धरता, १.३६ युनिट वीज लागते. इतक्या खर्चाने दाराशी आलेले पाणी घरात राहते की गटारात जाते, हे अखेरीस एका मुठीएवढ्या वस्तूवर अवलंबून असते. ती वस्तू म्हणजे बॉल व्हॉल्व्ह.

प्रथम एक घोटाळा दूर करू. नव्याने आलेल्या मराठी माणसाला येथे ‘संप’ भरला आहे असे सांगितले तर तो गोंधळतो. हा संप कामगारांचा नव्हे, जमिनीखालच्या हौदाचा. या हौदात दांडीच्या टोकाला एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि नळ मिटतो. त्याला आपण फ्लोट व्हॉल्व्ह किंवा बॉल कॉक म्हणतो. आज ज्याविषयी बोलावयाचे तो ‘फ्लोटिंग बॉल व्हॉल्व्ह’ निराळा. त्यातील गोळा पाण्यावर तरंगत नाही. तो भरीव पोलादाचा असतो आणि व्हॉल्व्हच्या पोटात बंदिस्त असतो. त्याला ‘तरता’ म्हणतात ते एवढ्याचसाठी, की तो कोठेही पक्का जखडलेला नसतो.

त्याची रचना अगदी साधी आहे. गुळगुळीत पोलादी गोळ्याला मधोमध आरपार भोक पाडलेले असते. गोळ्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा टेफ्लॉनच्या दोन कड्या असतात. त्यांना बैठका म्हणू. गोळ्याच्या डोक्यावर एक खाच असते. तिच्यात वरच्या दांडीचे चपटे टोक बसते आणि दांडीला बाहेर मूठ असते. मूठ नळीला समांतर असली म्हणजे भोक प्रवाहाच्या रेषेत येते आणि पाणी वाहते. पाव फेरा देऊन ती आडवी केली म्हणजे गोळ्याची भरीव बाजू पाण्यासमोर येते आणि वाट बंद होते. व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे दुरूनही दिसते. जुन्या चाकाच्या व्हॉल्व्हला ही सोय नव्हती.

आता यातील मर्म पाहू. व्हॉल्व्ह बंद असताना पाण्याचा दाब गोळ्याला पुढे ढकलतो. दांडी आणि खाच यांची सांगड थोडी सैल ठेवलेली असल्यामुळे गोळा केसभर पुढे सरकतो आणि पुढच्या बैठकीवर घट्ट दाबला जातो. बाहेर पडू पाहणारे पाणीच अशा रीतीने आपली वाट बंद करते. दाब जितका अधिक, तितकी बैठक अधिक घट्ट. गोळा जखडून टाकला असता तर हे घडले नसते.

आपल्या घरांच्या बाबतीत येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गच्चीवरच्या टाकीचा दाब अल्प असतो. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला अवघा एक किलो. एवढ्याशा दाबाने गोळा जोराने रेटला जात नाही. तेथे सारी भिस्त कारखान्यात व्हॉल्व्ह जोडताना बैठका गोळ्यावर किती चापून बसविल्या, यावर असते. मोठ्या दाबाला न गळणारा व्हॉल्व्ह टाकीखाली मात्र झिरपतो, असे कधीकधी दिसते, त्याचे कारण हेच.

पाण्याच्याच बळाने पाण्याचे नियमन करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. याच म्हैसूर प्रांतात जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. त्या दारांची रचना वेगळी आणि प्रमाणही फार मोठे; परंतु पाण्याशी झुंजण्याऐवजी त्याचेच बळ कामी लावावयाचे, ही दृष्टी एकच. पुण्याच्या धरणात आणि बंगळूरच्या माणसात जुळलेला हा धागा आपल्या मंडळाने आवर्जून स्मरावा असा आहे.

या युक्तीला मर्यादाही आहे. दोन इंची नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस सेंटिमीटर; दहा किलोंच्या दाबाने गोळ्यावर दोनशे किलोंचा रेटा येतो. बारा इंची नळीत तेच क्षेत्रफळ छत्तीसपट होते आणि रेटा सात टनांवर जातो. तो सारा एकट्या पुढच्या बैठकीने सोसावा म्हटले तर टेफ्लॉन चेपते आणि मूठ फिरेनाशी होते. म्हणून मोठ्या वाहिन्यांत गोळा वर-खाली खुंट्यांवर धरून ठेवतात, आणि गोळ्याऐवजी बैठकाच स्प्रिंगांनी त्याच्यावर दाबल्या जातात. तरता गोळा शोभतो तो लहान नळ्यांतच.

स्टेनलेस स्टीलचे गुण आमच्या भगिनींना निराळे सांगावयास नकोत. या पोलादातील क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरते. तो ओरखडला तरी पुन्हा धरतो, आणि म्हणून गंज चढत नाही. तथापि लोणचे आपण स्टीलच्या डब्यात न मुरविता चिनी मातीच्या बरणीत मुरवितो. मीठ आणि आंबट रस दीर्घकाळ लागून राहिले की हा थरही हार खातो आणि बारीक टोचे पडतात. व्हॉल्व्हचेही तसेच. गोड्या पाण्याला ३०४ क्रमांकाचे स्टील पुरते. क्षाराचे, क्लोराइडाचे प्रमाण अधिक असेल तेथे मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ बरे. बोअरचे जड पाणी दुसराही उपद्रव करते. त्याचा चुना गोळ्यावर बसतो आणि मूठ फिरविताना मऊ बैठकीवर कानसेसारखा घासतो.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, हा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नये. धार बारीक करण्याचे काम नळाचे. अर्ध्या उघड्या गोळ्याच्या कडेने वेगाने घुसणारे पाणी बैठकीची एक बाजू खाऊन टाकते, आणि मग पूर्ण मिटल्यावरही तो झिरपतो. दुसरी, पंप चालू असता मूठ झटक्याने आडवी करू नये. झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले की धावते पाणी एकाएकी अडविले तर दाबाची लाट उलटते. पोलादी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबविले तर दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोंहून अधिक दाब वाढू शकतो. नळ्यांत ठोका ऐकू येतो तो याचाच. तिसरी, वर्षानुवर्षे न हलविलेला व्हॉल्व्ह आणीबाणीच्या वेळी हलत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा तो पूर्ण मिटवून पुन्हा उघडावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नळ ठिबकला तर दिसतो. टाकी धुण्यासाठी ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीवरचा व्हॉल्व्ह झिरपला तर पाणी मुकाट्याने गटाराला मिळते. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक, आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. म्हणून एका रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती पाहावी. पातळी उतरली असेल तर कोठेतरी गळती आहे, असे निश्चित समजावे.

२०२४ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. बोअर आटले, टँकरची वाट पाहावी लागली, पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. त्या दिवसांत अनेक घरांतील वृद्ध मंडळी एकटी होती. मुले परदेशी, आणि मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे हे ठाऊक असलेला प्लंबर फोन उचलीत नव्हता. पाणी तोडावयाची मूठ कोठे आहे आणि ती कोणत्या बाजूला फिरते, एवढे ज्ञान घरातील प्रत्येकाला, आजींपासून शाळकरी नातवापर्यंत, असावयास हवे. पाइपाने गॅस येत असेल तर त्याच्याही मुठीविषयी आमचे हेच सांगणे आहे.

आपण घरी परतल्यावर मुलांना सोबत घेऊन गच्चीवर जावे आणि कोणती नळी कोठे जाते हे त्यांना दाखवावे, एवढीच आमची विनंती.