वादळाचा अंदाज आणि आपले अंगण



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी वादळाविषयी बोलायला उभे राहणे हे थोडेसे अरसिकपणाचे आहे, याची मला जाणीव आहे. 'समुद्र कुठे आणि आपण घाटावरची माणसे कुठे!' असेही तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण 3 जून 2020 या दिवशी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या, आणि तेवढ्यावर न थांबता घाट ओलांडून मावळापर्यंत त्याने आपला हात पोचवला. तेव्हापासून 'समुद्र कुठे आणि आपण कुठे' हे वाक्य आपल्याला पूर्वीइतक्या निश्चिंतपणे म्हणता येत नाही.

आज मला वादळाची वर्णने करून तुम्हांला घाबरवायचे नाही. माझा प्रश्न साधा आहे. वादळ येते आहे अशी बातमी आली, तर तिचा माझ्या गावापुरता, माझ्या अंगणापुरता अर्थ काय? अंदाज दोन प्रकारचे असतात. एक समुद्राचा : वादळ कुठे आहे, किती जोराचे आहे, कोणीकडे निघाले आहे. दुसरा गावाचा : माझ्या दारी वारा केव्हा फिरेल, पाणी किती चढेल, रस्ता केव्हा बंद होईल. पहिला अंदाज अचूक असूनही दुसरा न कळल्यामुळे माणसे मेली आहेत. आणि काही वेळा तर पहिलाच चुकला, पण दुसऱ्याच्या खुणा समोर दिसत असूनही कोणी त्या वाचल्या नाहीत.

अशा एका गावाची हकीकत सांगतो. अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिणेस मेक्सिकोचे आखात, आणि त्या आखातात किनाऱ्याला लागून गॅल्व्हस्टन नावाचे वाळूचे चिंचोळे बेट. 1900 साली त्यावर 37 हजारांवर वस्तीचे एक श्रीमंत बंदर नांदत होते. कापसाची निर्यात, मोठमोठ्या पेढ्या, किनाऱ्यावर स्नानगृहे, असा सारा थाट होता. परंतु या शहरातली उंचातली उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांपेक्षा कमी होती. तिथे हवामानखात्याची कचेरी होती आणि तिचा प्रमुख होता आयझॅक क्लाइन. हा माणूस अभ्यासू, कर्तव्यदक्ष. याच किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर 1875 आणि 1886 च्या वादळांनी उद्ध्वस्त केले होते. म्हणून गॅल्व्हस्टनला समुद्राच्या बाजूने भिंत बांधावी असे काही लोक म्हणू लागले. 1891 साली क्लाइनने वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितले की, ही भीती म्हणजे निव्वळ भ्रम आहे. इथला समुद्र उथळ आहे, तळ हळूहळू उतरत जातो, शिवाय पाणी वाढलेच तर ते मागच्या सखल मुलखात पसरून जाईल. भिंत झाली नाही.

सभ्य गृहस्थहो, चूक कुठे होते ते पाहा. क्लाइनने पाहिलेली वस्तुस्थिती खरी होती, तिचा अर्थ मात्र नेमका उलटा होता. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, तेव्हा समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत फिरते. समुद्र उथळ असेल तर त्याला परतायला वाट मिळत नाही, आणि ते चढत जाते. वादळाच्या मध्याशी हवेचा दाब कमी झाल्यामुळेही पाणी उचलले जाते, पण एका मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, एवढेच. खरा घात करतो तो वाऱ्याने उथळ किनाऱ्यावर रचलेला पाण्याचा ढीग. ज्याला क्लाइन ढाल समजला, तीच तलवार होती.

सप्टेंबर 1900 च्या आरंभी एक वादळ क्यूबा बेटावरून गेले. क्यूबात हवानाच्या वेधशाळेत फादर बेनितो विन्येस यांच्या काळापासून वादळे ओळखण्याची मोठी परंपरा होती. तेथील जाणकारांच्या मते हे वादळ पश्चिमेकडे आखातात निघाले होते. वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांना वाटत होते की, ते फ्लोरिडावरून वळून उत्तरेला जाईल. क्यूबातल्या वेधशाळांच्या तारा अमेरिकेत येऊ न देण्याची व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. आपल्यापेक्षा दुसऱ्याला अधिक कळते हे मान्य करणे दरबारी माणसाला नेहमीच जड जाते. वादळ आखातात शिरले आणि सरळ टेक्सासकडे चालू लागले.

7 तारखेला गॅल्व्हस्टनला वादळाचा बावटा चढला. शनिवारी 8 तारखेला सकाळी क्लाइनला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्याने समुद्र मागे हटायला हवा. पण पाणी वाढत होते आणि वाऱ्याच्या विरुद्ध लांबच लांब लाटा येत होत्या. वाऱ्याला न जुमानता समुद्र चढतो आहे, ही खूण क्लाइनने टिपली आणि वॉशिंग्टनला कळवलीही. गावकरी मात्र त्या वेळी किनाऱ्यावर लाटांची गंमत पाहायला जमले होते!

पुढे काय झाले ते समजण्यासाठी चक्रीवादळाची रचना ध्यानात घ्या. वादळाला 'सायक्लोन' हे नाव दिले ते आपल्या कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने. त्याचा 1848 चा ग्रंथ खलाशांसाठी लिहिलेला होता. मूळ ग्रीक शब्दात सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना आहे. आपल्या उत्तर गोलार्धात हे वेटोळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून वादळ ज्या दिशेने चालले असेल तिकडे तोंड करून उभे राहिले, तर उजव्या हाताच्या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी आत लोटतो. डाव्या हाताला तो बहुधा जमिनीकडून येतो. एकाच वादळात तीस-चाळीस मैलांवरची दोन गावे. एकाच्या नशिबी प्रलय, तर दुसऱ्याच्या नशिबी नुसता सोसाटा.

गॅल्व्हस्टन उजव्या हाताला सापडले. दिवसभर उत्तरेच्या वाऱ्याने मागच्या खाडीचे पाणी शहरात घातले, पुढून आखात चढत होते. संध्याकाळी वारा पूर्वेला आणि मग दक्षिणेकडे फिरला, आणि अडवलेला समुद्र मोकळा सुटला. क्लाइनने आपल्या अहवालात नमूद केले आहे की, साडेसातच्या सुमारास पाणी चार सेकंदांत चार फूट चढले. एकंदर ते पंधरा फुटांवर गेले. सर्वांत उंच जागा नऊ फुटांची नाही, हे आठवा. पूल आणि तारा तुटल्या होत्या, पळायला वाट नव्हती. क्लाइनच्या भक्कम घरात सुमारे पन्नास माणसे आश्रयाला आली होती. ते घर कोसळले, त्यांतली अठराच वाचली. क्लाइन आणि त्याच्या तिन्ही मुली वाचल्या, त्याची पत्नी कोरा गेली. त्या रात्री शहरात निदान सहा हजार माणसे मेली, बहुतेक इतिहासकार आठ हजार म्हणतात. अमेरिकेच्या इतिहासात एवढा मनुष्यसंहार दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीने केलेला नाही.

तहान लागल्यावर विहीर खणावी तसे नंतर सारे झाले. 1902 ते 1904 मध्ये सतरा फूट उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. पुढे दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि समुद्रातली वाळू भरून शहराची जमीनच उंच केली. 1915 साली तसेच मोठे वादळ आले, तेव्हा भिंतीने शहर राखले. माणूस शिकतो, यात शंका नाही.

पण तो धडा किती दिवस टिकतो? 2008 च्या सप्टेंबरात 'आइक' नावाचे वादळ त्याच गॅल्व्हस्टनवर आले. आता आकाशात उपग्रह होते, विमाने वादळात शिरून मोजमाप करीत होती, आणि अंदाज चांगला होता. परंतु वादळाचा दर्जा 'दोन' सांगितला गेला. पाचांपैकी दोन म्हणजे मध्यम, असा हिशेब पुष्कळांनी केला आणि ते घरीच राहिले. तो आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पाण्याचा नव्हे. वादळ आकाराने अवाढव्य होते, आणि अवाढव्य वादळ पाणी फार लोटते. हे ओळखून स्थानिक हवामान कचेरीने असे कठोर शब्द वापरले की, किनाऱ्यालगतच्या लहान घरांत मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला निश्चित मृत्यू येऊ शकेल. काही लोकांना ते शब्द अतिशयोक्तीचे वाटले.

आणि पुन्हा तीच खूण प्रकटली. वादळाचा मध्य किनाऱ्याला लागला 13 तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास. पण पाणी त्याच्या जवळजवळ एक दिवस आधीच चढू लागले होते, वारा किनाऱ्यावर सरळ येत नसतानाच. बोलिव्हर या शेजारच्या भूशिरावरचा एकमेव रस्ता त्यामुळे आदल्या सकाळीच बुडाला. 'वादळ रात्री येणार, दुपारी निघू' असे म्हणणारे तिथेच अडकले. बोलिव्हर वादळाच्या उजव्या हाताला होते. तिथल्या वस्त्यांच्या वस्त्या नाहीशा झाल्या. गॅल्व्हस्टनची भिंत पुढून टिकली, पण मागच्या खाडीचे पाणी शहरात शिरले. 1900 साली शहराने हेच पाहिले होते.

मंडळी, हे परक्यांचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे ओरिसात ऑक्टोबर 1999 च्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच ओडिशात ऑक्टोबर 2013 मध्ये 'फायलिन' हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. फरक केवळ अंदाजातला नव्हता. मधल्या काळात आश्रयस्थाने बांधली गेली, गावोगाव सूचना पोचवणारी माणसे तयार झाली, आणि मुख्य म्हणजे 'निघा' म्हटल्यावर निघण्याची सवय लागली.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला ती सवय कमी आहे, कारण वादळे क्वचित येतात. 'निसर्ग' 2 जूनला चक्रीवादळ म्हणून घोषित झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जमिनीवर होते. विचाराला वेळ एका दिवसाचा! आपले हवामानखाते किनाऱ्याला साधारणतः 48 तास आधी सावधगिरीची आणि 24 तास आधी इशाऱ्याची सूचना देते. नकाशावर वादळाच्या संभाव्य मार्गाचा जो शंकू दाखवतात, तो त्याच्या मध्याचा असतो. वादळाचा पसारा त्याहून पुष्कळ मोठा असू शकतो, आणि अमेरिकेच्या पद्धतीतला शंकू असा आखलेला असतो की, तीनांपैकी एखाद्या वेळी मध्यही त्याबाहेर जातो. म्हणून आपण शंकूबाहेर आहोत एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

मग अंगणातला अंदाज करायचा कसा? तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, आणि तेही आकाश निरभ्र असताना. माझे घर भरतीच्या रेषेपासून किती उंच आहे? पाणी पुढून, मागच्या खाडीतून की ओढ्यातून, कोणकोणत्या वाटांनी येऊ शकते? आणि माझा बाहेर पडण्याचा रस्ता कोणत्या सखल जागी पहिल्यांदा बुडेल? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हीच तुमची निघण्याची वेळ. वादळ येण्याची वेळ ती नव्हे. घाटावरच्यांनी समुद्राऐवजी ओढा, दरड आणि डोक्यावरचे पत्रे यांचा विचार करावा.

वेधशाळा समुद्राचा अंदाज सांगेल, दिवसेंदिवस अधिक चांगला सांगेल. पण आमच्या गल्लीतला उतार कोणीकडे आहे, एकटी म्हातारी माणसे कोणत्या घरात राहतात, हे वेधशाळेला माहीत नसते. ते आपल्याला माहीत असते. क्लाइनने वाऱ्याविरुद्ध चढणारे पाणी पाहिले, लिहून ठेवले, पण तोपर्यंत नऊ वर्षांपूर्वीच्या त्याच्याच शब्दावर सारे गाव निर्धास्त झोपले होते. तज्ज्ञाचा शब्द मोलाचा खराच, पण त्यानेही आणि आपणही समोरचे पाणी पाहून तो बदलण्याची तयारी ठेवावी, एवढेच मला सांगायचे होते.