तांबडा दिवा आणि आपली मोटार

पनवेल हें कोंकणच्या वाटेवरचें नाकें. मुंबईहून पुण्यास जाणारीं, गोव्याकडे वळणारीं आणि १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरांतून माल घेऊन निघालेलीं वाहनें कळंबोली-पळस्पे परिसरांत एकमेकांस भेटतात. येथील धूर हवेंत विरतो खरा, पण त्याआधीं चौकांत बसची वाट पाहणाऱ्या माणसाच्या छातींत जातो.

श्रोतेहो, या धुराबद्दल बोलतांना आपण उभ्या गाड्यांकडे बोट दाखवितों. तें चूक नाहीं. परंतु मोठा खर्च थांबून पुनः निघण्यांत आहे. ताशीं ४० किलोमीटर वेगानें येणारा २५ टनी ट्रक तांबड्या दिव्यापाशीं थांबला, म्हणजे त्याची सारी गति ब्रेकांत उष्णता होऊन वायां जाते. ती पुनः मिळवावयास, गणित करून पाहिलें तर, सुमारें एक दशांश लिटर डिझेल जाळावें लागतें, आणि त्यांतून पाव किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. एका थांब्याचा हा हिशेब!

यावर गाडींतच बसविण्याजोगे दोन उपाय आहेत. एक, गाडी उभी राहतांच इंजिन आपोआप बंद व्हावें व निघतांना सुरू व्हावें. २०१४ सालीं हिरोच्या स्प्लेंडर आयस्मार्ट मोटारसायकलींतही ही सोय आली. मोटारींत मात्र इंजिनाबरोबर गारवाही थांबतो, आणि कोंकणच्या उकाड्यांत पुष्कळजण ती कळच बंद करून टाकतात.

दुसरा उपाय मुळाशीं जाणारा आहे : दिवा हिरवा केव्हां होणार हें गाडीला दुरूनच कळवावयाचें. चौक ३०० मीटरवर आहे आणि हिरवा दिवा ३६ सेकंदांनीं लागणार आहे, असें समजा. ताशीं ५० नें जाणारा चालक २२ सेकंदांत पोंचून तिष्ठत बसेल. ताशीं ३० नें येणारा न थांबतां पलीकडे जाईल. ऑडी कंपनीनें २०१६ सालीं अमेरिकेंतील लास व्हेगास येथें उरलेले सेकंद चालकापुढें दाखविण्यास आरंभ केला. २०१९ सालीं जर्मनींतील इंगोलश्टाट येथें योग्य वेग कोणता हेंही ती सांगूं लागली.

आपल्याकडे सेकंद मोजणारे आंकडे चौकाचौकांत दिसतात. पण ते थांबलेल्यांसाठीं, आणि तीन उरले कीं मागचे भोंगे वाजूं लागतात.

पनवेलींत हें जमेल काय? अडचण गाडीपेक्षां दिव्याची आहे. पोलिसानें गर्दी पाहून दिवा हातानें बदलला, कीं सारें भाकित फुकट. शिवाय पुढची रांग हलावयास लागणारा वेळही धरावयास हवा, आणि दुचाक्या फटींतून शिरून ती रांग वाढवीतच असतात. म्हणून माझ्या मतें आरंभ बंदराच्या कंटेनर-ट्रकांपासून करावा. ते ठराविक रस्त्यांनीं जातात, आणि अशा एका ट्रकाचा थांबा लहान मोटारींच्या वीस थांब्यांइतका महाग पडतो. वाटेवरच्या चार-पांच चौकांतील दिव्यांच्या वेळा पक्क्या ठरवून त्यांच्या चालकांपुढील लहानशा पडद्यावर धाडल्या, तरी पुष्कळ झालें. ट्रक सावकाश आला, कीं मागच्या मोटारीही त्याच वेगानें येतील, भोंगे वाजवीत कां होईना.