गाणं लिहिलं कुणी?

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत केलेलं भाषण)



‘माझा आवडता कलावंत’ या विषयावर बोला, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल, या मॅडम वामनदादांवर बोलणार. ते वाटणं साहजिक आहे. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या आधी आठ दिवस भोंग्यावर दुसरं काही वाजतच नसे. पण आज मी बोलणार आहे ट्रेसी चॅपमनबद्दल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातली ही कृष्णवर्णीय बाई. गाणी तीच लिहिते, चाली तीच लावते, गिटार वाजवत तीच गाते. १९८८ ते २००८ या वीस वर्षांत तिचे आठ अल्बम आले. आठही माझ्याकडे आहेत आणि आठही मला क्रमानं पाठ आहेत.

कुणी म्हणेल, आपल्याकडे शाहीर कमी पडले का? नाही पडले. पण बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी संघटनेचं नाव ठेवताना ब्लॅक पँथरकडे पाहिलं होतं. तिकडे काय चाललंय हे ऐकायची सवय आपल्या चळवळीला जुनीच आहे. मी ऐकलं ते गाण्यातून.

२००६ साली मी एम.ए.ला इथं आले. परभणी जिल्ह्यातलं गाव, मराठी माध्यम, खिशात शिष्यवृत्तीची वाट बघण्याचा अनुभव. वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की मी खिडकीबाहेर बघायचे. रविवारी आबिड्सला फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथं एका पुस्तकवाल्याकडे कॅसेटींचा ढीग होता. एका कॅसेटीवर तपकिरी रंगाचा फोटो होता, मान खाली घातलेल्या एका काळ्या माणसाचा. आखूड केस, चेहऱ्यावर कसलाही नखरा नाही. मला तो चेहरा आमच्या गल्लीतला वाटला. वीस रुपये दिले. खोलीवर येऊन लावली, आवाज ऐकला, आणि पहिले दोन दिवस मी समजत होते की हा पुरुष आहे. हसू नका. रूममेटनं नाव वाचून सांगितलं, अगं, ही बाई आहे.

तो तिचा पहिला अल्बम, तिच्याच नावाचा. पहिल्या बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला सहा. पहिलंच गाणं ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’. बेकारांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांचं गाणं, आणि ते तिनं शाळकरी वयात लिहिलंय. चौथं गाणं ‘बिहाइंड द वॉल’, त्यात एकही वाद्य नाही. भिंतीपलीकडे एक बाई मार खातेय, अलीकडे गाणारी जागी आहे, आणि पोलीस येऊन-न येऊन सारखेच आहेत. ते गाणं समजायला मला डिक्शनरी फारशी लागली नाही. बाकीच्यांना लागली. दोन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, शब्द शोधायचा, मागे घ्यायचं. टेप अडकली की पेन घालून फिरवायची. कोचिंग क्लास लावायची ऐपत नव्हती. माझं इंग्रजी या बाईनं सुधारलं.

मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म १९६४ चा. आईनंच वाढवलं, घरी गरिबी. आठव्या वर्षापासून गिटार. ‘अ बेटर चान्स’ नावाची एक योजना वंचित समाजातल्या हुशार मुलांना चांगल्या खासगी शाळांमध्ये पाठवते. त्या योजनेतून ती घरापासून लांब, कनेक्टिकटमधल्या एका वसतिगृहाच्या शाळेत गेली. तिथं शाळेच्या धर्मगुरूंनी वर्गणी काढून तिला नवी गिटार घेऊन दिली. पुढं टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली आणि शिकता शिकता हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभी राहून गायली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वर्गणी. हे वाचताना मला वाटलं, ही तर आपल्यातलीच.

११ जून १९८८. नेल्सन मंडेला तुरुंगात होते, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मोठा कार्यक्रम झाला. ट्रेसी तेव्हा चोवीस वर्षांची. तिची गाणी आधीच होऊन गेली होती. नंतर स्टीव्ही वंडरच्या वाद्याची एक डिस्क सापडेना, त्यामुळे त्याला ऐनवेळी मंचावर जाता येईना. रिकामी वेळ भरायला हिला परत पाठवलं, एकटीला, एका गिटारीसह. तिनं ‘फास्ट कार’ म्हटलं. ते जगभर टीव्हीवर दिसलं. त्या उन्हाळ्यात तिचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गाऊन गेली, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांच्या दौऱ्यात. मी तेव्हा तीन वर्षांची होते. ती आपल्या देशात येऊन गेली आणि आपल्याला कळलं नाही, याची चुटपूट मला अजून लागते.

आता ‘फास्ट कार’बद्दल. बोलणारी एक गरीब मुलगी आहे. बाप दारूडा, आई सोडून गेलेली. बापाकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून तिनं शाळा सोडलीय, दुकानात काम करतेय. तिच्या मित्राकडे गाडी आहे. दोघं शहरात जातात. तिथं ती काम करते, घर चालवते. हळूहळू तो मित्र तिच्या बापासारखाच वागू लागतो. शेवटी तीच त्याला सांगते की तुझं तू ठरव, जायचं तर जा. गाडी आहे, वेग आहे, पण पोचल्याचं सुख या गाण्यात कुठं नाही.

सात वर्षं मी हे गाणं माझं म्हणून ऐकलं. मी गाव सोडलं, मी सुटले, गाडीत बसलेली ती मुलगी म्हणजे मी. नेटची परीक्षा द्यायला जाताना बसमध्ये हेच. नोकरीची ऑर्डर आली त्या रात्री हेच.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी ताईकडे गेले. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी मोबाइलवर गाणं लावलं आणि एकेका कडव्याचा अर्थ तिला सांगत गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली आणि विचारलं, “तिनं शाळा सोडली म्हणतीस ना? मंग हे गाणं लिहिलं कुणी?”

मला उत्तर देता येईना. मग मी सांगितलं की जिनं लिहिलं ती शाळेत गेली होती, कॉलेजातही गेली होती. ताई म्हणाली, “म्हंजे शिकलेलीनं न शिकलेलीचं नीट ऐकून घेतलं व्हतं.”

आमच्या वडिलांनी दारूला कधी हात लावला नाही. १९९४ साली त्यांना अर्धांगवायू झाला. आई रोजानं जायची. घरी कुणीतरी पाहिजे होतं. ताई नववीत होती, तिनं शाळा सोडली. मी चौथीत होते, माझी चालू राहिली. घरात त्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. म्हणजे गाण्यातली ती मुलगी ताई होती. मी गाडीतून गेलेली होते. आणि एकोणीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की, ताई, त्या दिवशी तुला काय वाटलं गं?

त्या रात्री विचारलं. ती म्हणाली, शाळा सोडल्याचा एक असा दिवसच नव्हता. आज नको, उद्या जाऊ, असं करत महिना गेला. मग एक दिवस बाई घरी आल्या, बाबांची अवस्था बघून चहा न घेताच गेल्या. त्या दिवशी तिला कळलं की आता संपलं. तिची कंपासपेटी तिनं फळीवर कपड्यात गुंडाळून ठेवली होती. २००१ साली मी दहावीची परीक्षा दिली ती त्याच कंपासपेटीतल्या पट्टीनं आणि कर्कटकानं. मला वाटत होतं आईनं कुणाकडून तरी जुनी आणलीय.

त्यानंतर मी सगळे अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकले. १९८९ चा ‘क्रॉसरोड्स’ घ्या. एवढं यश मिळाल्यावर पुढच्याच वर्षी ही बाई ‘सबसिटी’ लिहिते, शहराच्या पायाखाली जगणाऱ्या बेघरांच्या तोंडून. ‘फ्रीडम नाऊ’ मंडेलांसाठी लिहिते, ते सुटायच्या आधी. त्याच अल्बममध्ये आईच्या उपदेशाचं एक गाणं आहे, ‘ऑल दॅट यू हॅव इज युवर सोल’. खरं सांगायचं तर आठही अल्बम सारख्या तोडीचे नाहीत. १९९२ चा ‘मॅटर्स ऑफ द हार्ट’ मला जड जातो. १९९५ च्या ‘न्यू बिगिनिंग’मधलं ‘गिव्ह मी वन रीझन’ मात्र दिवसात कितीदाही ऐकू शकते. पण एक गोष्ट मला सगळीकडे दिसते. स्वतः किती लांब आलो याचा पाढा ती वाचत नाही. जी मागे राहिली तिला ‘मी’ म्हणू देते.

आपण मात्र तो पाढा फार वाचतो. मीही वाचलाय. सत्काराला बोलावलं की आपण सांगतो, मी अमुक परिस्थितीतून आलो, मी असा शिकलो. त्यात आई येते, बाप येतो, बाबासाहेब येतात. जिनं शाळा सोडली म्हणून आपली चालू राहिली, ती येत नाही. आली तरी एका वाक्यात येते, ‘बहिणीनं खूप केलं’ म्हणून. काय केलं, कधी केलं, त्याचं तिला काय वाटलं, हे आपल्याला माहीतच नसतं, कारण आपण विचारलेलं नसतं.

आणखी एक सांगते. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानं ‘फास्ट कार’ पुन्हा गायलं आणि ते तुफान चाललं. गाणं त्यानं गायलं, पण लेखक म्हणून नाव ट्रेसीचंच राहिलं. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार तिला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. वामनदादा गाण्याच्या शेवटी आपलं नाव का गुंफायचे, ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं. गाणं कुणीही गावं, लिहिलं कुणी ते पुसलं जाऊ नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर दोघांनी ते एकत्र गायलं. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. मी कॉलेजच्या बसमध्ये होते. व्हिडिओ मला पाठवला ताईच्या मुलीनं. ती आता नांदेडला बी.एस्सी. करतेय. केस पिकलेली ट्रेसी, आवाज तोच. खाली भाचीनं लिहिलं होतं, “मावशी, आई म्हणती, हिला अजून गाणं येतंय की.”

इथं बोलायच्या आधी मी ताईला फोन केला. म्हटलं, तुझी गोष्ट सांगू का? म्हणाली, “सांग. पर माझं नाव घालू नको, आन् रडू नको.” म्हणून नाव घातलेलं नाही. दुसरी अट पाळायचा प्रयत्न केला.

तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी असं कुणीतरी असेल. ताई असेल, दादा असेल, चुलत बहीण असेल. आज रात्री फोन करा. जेवलीस का, पैसे पोचले का, हे रोजचं झालं की विचारा, तुझी शाळा कशी सुटली ते मला सांग. आणि मग मध्ये बोलू नका.

जय भीम.