सरकारी दवाखान्यातलं काम, पण नोकरी कुणाची?

बचत गटाच्या आम्ही बायका आज तुमच्याशी नोकरीबद्दल बोलणार आहोत.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईला दोन कामं चालून आली. एक सरकारी दवाखान्यात साफसफाईचं, दुसरं एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगचं. कारखान्यात पाचशे रुपये जास्त होते. तरी बैठकीत आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, “अगं, सरकारी आहे, तेच घे.” तिनं घेतलं. आठ महिन्यांनी ठेका संपला आणि कामही गेलं. तेव्हा कळलं, ती सरकारची नव्हतीच, ठेकेदाराची होती. पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जात होता, खात्यात मात्र दोनच महिन्यांचे पैसे. न विचारता सल्ला देणाऱ्या आम्ही चुकलो होतो.

मग आम्ही माहिती काढली. कायम सरकारी नोकरीत वेतन आयोगाप्रमाणे पगार, महागाई भत्ता, १८० दिवसांची बाळंतपणाची रजा मिळते. मनात येईल तेव्हा कुणी काढू शकत नाही. पण आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट लागू नाही. अंगणवाडीतल्या ताईंना तर पगार नाही, मानधन मिळतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

खासगीत सगळं मालकाच्या मर्जीवर असतं, असं आपण समजतो. तेही पूर्ण खरं नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागतो. तुमच्या पगारातून जेवढे कापतात, तेवढेच मालकानं स्वतःचे घालायचे. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयचं कार्ड, म्हणजे घरच्यांसकट औषधपाणी. कायद्यात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्याआधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं हवं. मात्र तीन-चार मुली ठेवणाऱ्या कापडाच्या दुकानात यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथं हातात पडेल तोच पगार.

म्हणून सरकारी बरी की खासगी, हा प्रश्न आता आम्ही आधी विचारत नाही. आधी हे विचारतो: नेमणुकीच्या कागदावर नाव कुणाचं आहे? काम कायम की ठेक्यावर? कापून हातात किती येणार? पीएफचा यूएएन नंबर मिळणार का? कागद मिळत नसेल, तर इमारतीवरची पाटी वाचून भुलू नका.

आणि पीएफ दर तीन महिन्यांनी मोबाईलवर उमंग ॲपमध्ये बघा. ठेकेदारानं भरला नाही, तर ज्याच्या आवारात काम केलं त्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते, मग तो सरकारी दवाखाना का असेना. आमच्या ताईनं तसा अर्ज पीएफ कार्यालयात दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत. पण तारखेला ती एकटी जात नाही, आमच्यातल्या दोघी सोबत असतात.

तुमच्या गटातही कुणाला काम चालून आलं, तर सल्ला द्यायच्या आधी कागद मागा.